जस्ताची विमाने

खेळण्यांवर व्याख्यान कसले द्यायचे, असा प्रश्न मालेच्या चालकांपैकी एकदोघांनी आम्हांला प्रथम विचारला. त्यांचा आक्षेप अगदीच गैर होता असे नव्हे. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यघटना आणि पाटबंधारे ह्यांवर जाणकार बोलून गेले, तेथे कामगार चळवळीतल्या एका अल्पशिक्षित माणसाने पंजाएवढ्या विमानांची कथा सांगत बसावे, हे थोडे विचित्र दिसते खरे. परंतु आम्ही ह्या विषयाकडे वळलो ते खेळण्याच्या हौसेने नव्हे, ओतकामाच्या वाटेने. वस्तू कोणी केली, कशाची केली आणि करणाराचे पुढे काय झाले, हे विचारण्याची आमची जुनी खोड आहे. त्या खोडीपुढे खेळणे काय आणि आगगाडीचे इंजिन काय, दोन्ही सारखीच.

विषय असा. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या स्पिटफायर, हरिकेन, मेसरश्मिट, मस्टँग, झिरो इत्यादी विमानांच्या धातूच्या प्रतिकृती जगभर विकल्या जातात. त्या मुलांसाठी नसतात. मोठी माणसे, बहुधा पोक्त पुरुष, त्या काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. त्यांचे प्रमाण बहुतेक बहात्तरास एक असते. हा आकडा आला कोठून? इंग्रजी मापात सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी वैमानिक ह्या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. १९३२ साली इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकूड-धातूचे संच निघाले, तेव्हापासून हे माप रूढ झाले, आणि दशमान पद्धत आली तरी ते गेले नाही.

ह्या मापाने स्पिटफायरचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर भरतात. आता एक गंमत पाहा. लांबी बहात्तर पटींनी घटली की आकारमान बहात्तर गुणिले बहात्तर गुणिले बहात्तर, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास पटींनी घटते. पहिल्या स्पिटफायरचे भरल्या वजनाचे मान सुमारे २६०० किलो होते. त्या हिशेबाने प्रतिकृतीचे वजन सात ग्रॅम असायला हवे. प्रत्यक्षात हातात येतो तो त्याच्या कितीतरी पट जड असा जस्ताचा गोळा. संग्राहक नेमक्या ह्या वजनावरच खूश असतात. 'हाताला कसे भरीव लागते' असे ते म्हणतात. मूळ विमान तर असे होते की, हलके करण्यासाठी अभियंत्यांनी रात्री जागवल्या. हरिकेनच्या पाठीमागचा अर्धा भाग कापडाने मढवलेला होता. मॉस्किटो तर लाकडाचे होते आणि हाय विकम ह्या गावच्या खुर्च्या-टेबले करणाऱ्या सुतारांनी त्याचे भाग घडवले. ते लाकूड आणि ते कापड, दोन्ही आता कपाटात जस्त होऊन बसली आहेत.

हे जस्त साच्यात दाबून ओतण्याची विद्या छापखान्यातून आली. छापण्याचे खिळे पाडताना शिसे, कथील आणि अँटिमनी ह्यांचा रस साच्यात घालीत. १८८६ साली मर्गेंथालर ह्यांचे लायनोटाइप यंत्र चालू झाले आणि वितळलेला धातू यंत्राने साच्यात सारून क्षणात घट्ट करण्याची सवय कारखानदारीला लागली. खिळ्यांचे ओतकाम आम्हां मराठी माणसांना परके नाही. जावजी दादाजी हे छापखान्यात साध्या मजुरीने लागले आणि पुढे १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर काढला. त्यांच्या सुबक देवनागरी खिळ्यांनी साऱ्या हिंदुस्थानचे डोळे निवले. त्यांच्याकडे मजुरांचा साचा होता, इंग्रजांकडे खेळण्यांचा, एवढाच फरक, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो मोह आवरून पुढे जाऊ.

अमेरिकेत शिकागोच्या डाउस्ट बंधूंनी ही विद्या खेळण्यांकडे वळवली. ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी उडून ओलांडली, आणि एकदोन वर्षांतच त्या विमानाचे धातूचे पिल्लू डाउस्टच्या कारखान्यातून बाहेर पडले. इंग्लंडात हे काम लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने केले. फ्रँक हॉर्नबी हा तिचा मालक. छिद्रे पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट ह्यांच्या खेळाचे पेटंट त्याने १९०१ साली घेतले. आमच्याकडे सुखवस्तू घरांतली मुले त्या खेळाला नुसते 'मेकॅनो' म्हणत. बिन्स रोडवरच्या ह्याच कारखान्यातून १९३४ पासून 'डिंकी टॉइज' ह्या नावाने मोटारी आणि विमाने निघू लागली. युद्धाच्या तोंडाशी त्यांत स्पिटफायर आणि हरिकेन ह्यांचीही भर पडली.

येथे धातूविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सगळी गोम तेथेच आहे. शिशाची खेळणी मऊ असतात आणि तोंडात घातली तर विषारी. १९२९ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी झिंक कंपनीने जस्तात शेकडा चारच्या आसपास ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि तांबे घालून नवा मिश्रधातू काढला. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबे ह्यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून त्याला 'झामाक' म्हणतात. इंग्लंडात तो 'माझाक' झाला. हा धातू ३८५ अंशांच्या सुमारास वितळतो. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. उष्णता कमी, म्हणून पोलादाचा साचा लाखो वेळा वापरला तरी टिकतो, आणि धातू पातळ, म्हणून पंखावरची रिबिटेसुद्धा स्वच्छ उठतात.

ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डायकास्टिंग कारखान्यात आम्ही काही वर्षे युनियनचे काम केले आहे. तेथे विमाने होत नसत, कुलपे आणि कार्बोरेटरचे भाग होत; पण यंत्र तेच. भट्टीतल्या रसातच बुडालेला दट्ट्या असतो. लिव्हर ओढला की तो रस बगळ्याच्या मानेसारख्या नळीतून साच्यात जोराने घुसतो, दोनचार सेकंदांत गोठतो, साचा उघडतो, तुकडा पडतो. ह्या एका खेपेला कामगार 'शॉट' म्हणतात. साच्याच्या फटीतून बाहेर आलेली धातूची पापडी कानशीने काढावी लागते. हे काम बहुधा बायकांकडे असे, आणि त्यांच्या बोटांची टोके पाहिली की कोण किती वर्षे ह्या कामावर आहे ते आम्हांला सांगता येई. साचा नीट मिटला नाही तर रस बाहेर उडतो. एका तरुणाच्या मनगटावर तो उडाला, तेव्हा मालकाने अपघाताच्या वहीत 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असे लिहिले. ते खोडून घ्यायला आम्हांला सात महिने लागले. असो. सांगायचे एवढेच की, स्पिटफायरच्या प्रतिकृतीची कडा गुळगुळीत दिसते तेव्हा तेथे कोणाची तरी कानस फिरलेली असते.

आता त्या धातूचा रोग. झामाकला लागते ते जवळजवळ निर्भेळ जस्त, शंभरात ९९.९९ भाग. त्यात शिसे हजारांश टक्क्याच्या घरात जरी जास्त गेले तरी धातूच्या कणांच्या सांध्यांतून आतल्या आत कीड चालू होते. दमट हवा तिला मानवते. ओतल्यावर वस्तू चांगली दिसते, रंग बसतो, विकली जाते. दहावीस वर्षांनी ती फुगते, वाकते, तिला भेगा पडतात, आणि शेवटी बोट लावताच भुगा होतो. युद्धापूर्वीची डिंकी विमाने ह्या रोगाने फार गेली. पंख पातळ, म्हणून आधी पंखच खाली झुकतात. लिव्हरपूलच्या त्याच कारखान्यात शिशाचे ओतकामही होत असे. शिशाचा एखादा टाकाऊ तुकडा झामाकच्या भट्टीत पडला की पुढचे शेकडो शॉट जन्मतःच रोगी. ह्या रोगाला औषध नाही. संग्राहक खोली कोरडी ठेवतात, तेवढ्याने मरण लांबते.

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर जर्मन विमाने येऊ लागली. लॉर्ड बीव्हरब्रुक हे विमान-उत्पादनाचे मंत्री झाले. त्यांनी घरोघरच्या बायकांकडून ॲल्युमिनियमची भांडी मागितली आणि 'स्पिटफायर फंड' उभारला. एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड असा आकडा जाहीर झाला. खरा खर्च ह्याहून अधिक होता, पण वर्गणी काढायला गोल आकडा बरा पडतो, हे आम्हां युनियनवाल्यांनाही ठाऊक आहे. मेकॅनो कंपनीने आपल्या स्पिटफायरला कडी लावून तो ह्या फंडासाठी विकला. खेळणे छातीवर मिरवायचे आणि त्याच्या पैशांतून खरे विमान घ्यायचे, अशी ती योजना. पुढे धातूची टंचाई वाढली. १९४२ पासून ब्रिटनमध्ये धातूची खेळणी बनवणेच बंद झाले आणि बिन्स रोडचा कारखाना युद्धसाहित्याकडे लागला. त्याच वर्षी अमेरिकेच्या आरमाराने शाळकरी मुलांकडून शत्रुमित्रांच्या विमानांचे पाच लाख लाकडी नमुने मागवले. माप तेच, बहात्तरास एक. आकाशातले विमान आपले की परके, हे तोफेवरच्या शिपायाला ओळखता यावे म्हणून ते नमुने छताला टांगून दाखवीत. खेळणे आणि शस्त्र ह्यांमधली रेषा त्या वर्षी पार पुसली गेली होती.

त्या स्पिटफायर फंडाचा आपल्याशी संबंध आहे. जेथून मोठ्या देणग्या आल्या त्या प्रांतांची व संस्थानांची नावे ब्रिटिश हवाई दलाने आपल्या तुकड्यांना दिली. हैदराबादच्या निजामाच्या नावाची तुकडी सर्वांना माहीत असते. परंतु १९४१ मध्ये स्कॉटलंडात स्पिटफायरच्या तीन तुकड्या उभ्या राहिल्या, त्यांची नावे आमच्या कानाला फार जवळची आहेत. १२२ वी 'बॉम्बे', १३२ वी 'सिटी ऑफ बॉम्बे' आणि १२४ वी 'बडोदा'. म्हणजे गायकवाडांच्या राजधानीचे आणि गिरणगावाच्या शहराचे नाव घेऊन ती विमाने उत्तर समुद्रावर फिरत होती. आणि ह्याच सुमारास देशात काय चालले होते? १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारला वैयक्तिक सत्याग्रहाला उभे राहिले. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसाने किंवा पैशाने मदत करणे चूक आहे, एवढे एक वाक्य बोलायचे आणि तुरुंगात जायचे. मुंबईचे नाव विमानावर होते आणि मुंबईची माणसे येरवड्यात होती. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फॅसिझम हरायलाच हवा होता असे आमचे ठाम मत आहे. तथापि ज्यांना विचारलेच नाही त्यांच्या नावावर युद्ध लढण्याचा हक्क कोणाला होता, हाही प्रश्न आम्ही सोडायला तयार नाही.

युद्धानंतरची कथा लवकर आटोपू. खेळणी पुन्हा निघाली. लंडनमध्ये लेस्नी कंपनीने १९५३ पासून आगपेटीएवढ्या मोटारी काढल्या आणि १९७३ पासून 'स्काय-बस्टर्स' नावाची छोटी विमाने. वेल्समधल्या स्वॉन्सी येथे मेटॉय कंपनीच्या 'कॉर्गी' गाड्या १९५६ पासून निघत. ह्या कंपनीचा संस्थापक फिलिप उलमन हा हिटलरच्या जाचामुळे न्यूरेंबर्ग सोडून आलेला ज्यू खेळणीवाला होता. १९६९ मध्ये 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा चित्रपट आला आणि डिंकीने मोठ्या आकाराचा स्पिटफायर काढला. त्याच्या पोटात बॅटरी व मोटर होती, पंखा फिरे. डिंकीचे जुने साचे समुद्र ओलांडून कलकत्त्यालाही आले आणि तेथे 'निकी टॉइज' ह्या नावाने त्यांतून हिंदी बनावटीच्या गाड्या पाडल्या गेल्या. साचा म्हातारा झाला की तो गरीब देशात पाठवतात, हा नियम आम्ही यंत्रमागांच्या बाबतीतही पाहिला आहे.

आजच्या प्रतिकृती त्या जुन्या खेळण्यांहून निराळ्या आहेत. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॉर्गीने केवळ प्रौढ संग्राहकांसाठी विमानांची मालिका काढली. पुढे हाँगकाँगची हॉबी मास्टर वगैरे नावे पुढे आली. त्यांचे वैशिष्ट्य असे की, प्रतिकृती 'स्पिटफायर'ची नसते, एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट वैमानिकाने उडवलेल्या विशिष्ट स्पिटफायरची असते. त्याचा क्रमांक, शेपटीवरची खूण, नाकावर रंगवलेले चित्र, सगळे रबरी गादीने ठसा उमटवून छापलेले असते. पेटीवर वैमानिकाचे नाव असते, त्याने किती विमाने पाडली त्याचा आकडा असतो. सोबत एक कार्ड मिळते, त्यावर 'अमुक हजारांपैकी अमुकावी' असे लिहिलेले. आणि पेटी फाटली तर किंमत उतरते. बादर, गालंड, साकाई, मित्र आणि शत्रू, सारे एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे राहतात.

ह्या नेमकेपणाचे आम्हांला कौतुक आहे. पंखांच्या जोडांची खाच पाव मिलिमीटर खोल की कमी, ह्यावर संग्राहक तासन्‌तास भांडतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर असते: पाव मिलिमीटर गुणिले बहात्तर म्हणजे खऱ्या विमानावर अठरा मिलिमीटरची चर झाली, अशी चर कोठे असते? परंतु जे खाचेबाबत इतके काटेकोर, ते पेटीवरच्या इतिहासाबाबत फार थोड्यावर समाधान मानतात. स्पिटफायरच्या नाकात रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. ते ग्लासगोजवळच्या हिलिंग्टन कारखान्यातही बनत असे. तेथे पुरुषांच्या यंत्रांवर बायका बसवल्या आणि मजुरी मात्र कमी दिली. १९४३ च्या शरद ऋतूत सुमारे सोळा हजार कामगार संपावर गेले, बायका आणि त्यांच्याबरोबर पुरुषही. ॲग्नेस मॅक्लीन ही तरुणी त्यात पुढे होती. युद्ध ऐन भरात, आणि हे लोक 'देशद्रोही' म्हणवून घ्यायला भ्याले नाहीत. अखेर यंत्र कोणते ह्यावरून दर ठरला, चालवणारा पुरुष की बाई ह्यावरून नव्हे. वैमानिकाने पाडलेली विमाने पेटीवर मोजता येतात, तर हा दरपत्रकाचा विजय एका ओळीत छापायला काय हरकत होती?

मेसरश्मिट १०९ ची कथा तर ह्याहून काळी आहे. १९४३ पासून फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत कैद्यांकडून ह्या विमानांचे भाग करवून घेतले जात. पुढे हजारो कैदी ह्या कामाला जुंपले होते, आणि त्यांतले कितीतरी त्या छावणीतच मेले. ते विमान कपाटात उभे असते तेव्हा त्याच्या शेपटीवर बहुधा स्वस्तिक नसते, किंवा अर्धेच छापलेले असते, कारण जर्मनीत नाझी चिन्हे जाहीरपणे मिरवण्यास कायद्याने मनाई आहे. ह्यावरून संग्राहक चिडतात, 'इतिहास पुसला जातो' म्हणतात. आमच्या दारावरचे, तुळशीवृंदावनावरचे चिन्ह त्या लोकांनी कसे नासवले हे आठवून आम्हांलाही चीड येते, पण ती वेगळी. चिन्ह गाळल्याची तक्रार करणाऱ्याने छावणी गाळल्याची तक्रार केल्याचे आमच्या वाचनात अजून आलेले नाही.

आता बिन्स रोडकडे परत जाऊ. मेकॅनो-डिंकी कंपनी तोवर एअरफिक्स ह्या प्लॅस्टिकच्या विमानसंचांच्या कंपनीच्या मालकीची झाली होती. ३० नोव्हेंबर १९७९, शुक्रवार. त्या दुपारी नऊशेंहून अधिक कामगारांना सांगण्यात आले की, कारखाना आज बंद. तासाभराचीही सूचना नव्हती. त्यांत कित्येकांची दुसरी पिढी तेथे राबत होती आणि स्त्रियांची संख्या मोठी होती. ते घरी गेले नाहीत. त्यांनी कारखाना ताब्यात घेतला आणि ऐन थंडीत पाळ्या लावून तीन महिन्यांवर तो धरून ठेवला. साचे बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, हा त्यातला मर्म. साचा गेला की कारखाना गेला, हे ओतारी जाणतो. १९८० च्या मार्चमध्ये त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढच्याच वर्षी जानेवारीत खुद्द एअरफिक्सचे दिवाळे वाजले. १९८२ मध्ये लेस्नी बुडाली, १९८३ मध्ये मेटॉय. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेही हेच वर्ष. दोन्हींची कारणे एकच होती असे आम्ही म्हणणार नाही. गिरण्यांच्या जमिनीचा भाव ही आमची खास गोष्ट. परंतु कारखाना उठून जातो, आणि त्याचे नाव मात्र विकले जाते, हे दोहोंकडे घडले. आज हॉर्नबी, एअरफिक्स आणि कॉर्गी ही तीनही नावे एकाच इंग्रज कंपनीच्या मालकीची आहेत. एअरफिक्स तिने २००६ मध्ये घेतली, कॉर्गी २००८ मध्ये.

साचे मात्र पूर्वेकडे गेले. आधी हाँगकाँग आणि मकाव, मग चीनचा शेन्झेन-डोंगुआन हा पट्टा. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या झिंडार्ट कंपनीने कॉर्गी विकत घेतली. तिचा कारखाना डोंगुआनला होता. खेड्यांतून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली ह्या पट्ट्यातल्या खेळण्यांच्या कारखान्यांत पापड्या काढीत, रंग फवारीत, ठसे उमटवीत आणि कारखान्याच्याच खोल्यांत राहत. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी शेन्झेनच्या झिली कारखान्यात आग लागली. तेथे विमाने नव्हे, कापडी खेळणी होत होती, आणि मालाचा गिऱ्हाईक युरोपातला होता. माल चोरीला जाऊ नये म्हणून दारे बंद आणि खिडक्यांना गज. ऐंशीहून अधिक कामगार मेले, बहुतेक सगळ्या तरुण मुली. आगीनंतर ढिगाऱ्यात त्यांची खाजगी पत्रे सापडली. अभ्यासकांनी ती पुढे वाचली. पत्रांत मजुरी किती आणि कधी मिळते ते आहे, आजारपण आहे, गावाकडच्या मैत्रिणीला नोकरी मिळेल का अशी चौकशी आहे.